वजन उतरवताना डब्यातल्या पावडरीचा वाटा किती?

आहार सांभाळला, व्यायामही सुरू केला. आता जोडीला एखादं सप्लिमेंट घेतलं तर वजन लवकर उतरेल का? अंधेरीच्या जिममध्ये, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये, मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न रोज निघतो. ट्रेनर एक सांगतो, केमिस्ट दुसरं सांगतो, शेजारच्या विंगमधल्या वहिनी स्वतःचा अनुभव सांगतात. विचारणारा गोंधळतो आणि शेवटी बहुतेक वेळा डबा विकत घेतोच. तो डबा घेण्याआधी वाचावी, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

उत्तरासाठी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. आहार आणि व्यायाम आधीच रुळले असतील, तर काही मोजक्या पूरक गोष्टींची मदत होते. ती मदत लहान असते. किलो-दोन किलोच्या पलीकडे ती सहसा जात नाही. आणि जो डबा महिन्याभरात दहा किलो उतरवून दाखवतो, त्याची भीती बाळगावी, कारण एवढं काम करणारी वस्तू औषध असते, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे या तीन विधानांचा विस्तार आहे.

हा प्रश्न उपनगरांत इतका जोर का धरतो, हे आधी समजून घ्यायला हवं. बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी गाठायचं म्हणजे घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दीड तास सहज जातो, परतताना तेवढाच. पोळी-भाजीचा डबा पहाटे भरलेला असतो, रात्रीचं पान दहाच्या सुमारास मांडलं जातं. मधल्या वेळात साखरेचे तीन-चार चहा, स्टेशनबाहेरचा वडापाव, घाटकोपरच्या खाऊगल्लीतला चीज घातलेला डोसा. घरी पोचेपर्यंत भूक अनावर झालेली असते आणि पाय गळून गेलेले असतात. लोकलमध्ये उभं राहून आलेला थकवा व्यायामासारखा वाटतो, पण तो व्यायाम नसतो. अशा दिवसातून तासभर काढायचा कुठून? मिनिटभरात शेकरमध्ये ढवळून पिता येईल अशी वस्तू समोर आली की हात तिच्याकडे जातो. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे वेळ नाही त्याला वेळ वाचवण्याचं आश्वासन विकलं जातं. लग्न ठरलेल्या मुलीला ‘महिन्यात दहा किलो’, बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाला ‘इंच लॉस’, पन्नाशीतल्या गृहस्थाला ‘डिटॉक्स’: प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं एक पाकीट बाजारात तयार असतं.

गरज मात्र खरी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. त्या पाहणीत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर वजन जादा मानलं होतं. भारतीयांसाठी डॉक्टर मंडळी ही रेघ २३वरच ओढतात आणि २५ला लठ्ठपणा म्हणतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांची ८०च्या वर गेली की सावध व्हायचं, असंही माप आहे.

रेघ इतकी खाली का, याचं उत्तर शोधण्यात एका मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना सारखंच लेखत होता, शरीराच्या आतली गोष्ट मात्र निराळी होती. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, ते या दोन आकड्यांवरून कळतं. म्हणून या पुस्तिकेत ‘वजन उतरवणं’ हा शब्दप्रयोग येईल तेव्हा चरबी उतरवणं आणि स्नायू राखणं, असाच अर्थ घ्यावा. उपाशी राहून चार किलो घटवले आणि त्यातले दीड-दोन किलो स्नायूंचे गेले, तर काटा खूश होतो पण शरीराचं नुकसान होतं.

आता हिशेब. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. एका वडापावात अंदाजे ३०० कॅलरी असतात. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालला तर २००च्या आसपास खर्च होतात. पाऊण तासात कमावलेलं दोन मिनिटांत परत येतं, ते असं. त्यामुळे वजन उतरवताना मोठा भार आहारावर पडतो. उतरलेलं वजन टिकवणं, स्नायू राखणं, साखर आणि रक्तदाब आवरणं ही कामं व्यायाम करतो. कुठलंही सप्लिमेंट याच हिशेबात बसवून पाहावं लागतं. त्याला फक्त तीन वाटा मोकळ्या आहेत: भूक कमी करणं, खाल्लेलं अंगी लागू न देणं किंवा चरबी साठू न देणं, आणि शरीराचा खर्च वाढवणं. चौथी वाट नाही. दुकानातला कुठलाही डबा उचलावा आणि तो या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने जातो, हे विचारावं. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर खरेदी तिथेच थांबवावी.

पहिली वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. विरघळणारा चोथा पाण्यात फुगतो, पोट भरल्यासारखं वाटतं आणि पुढचा घास कमी जातो. आपल्या घरातला इसबगोल याच जातीचा. कोन्याक नावाच्या कंदापासून मिळणाऱ्या ग्लुकोमॅनन या चोथ्याचा ‘वजन कमी करायला मदत होते’ असा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केला, पण अटी घालून: दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि कॅलरी कमी केलेला आहार चालू असतानाच. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. पाणी कमी प्यायलं तर हाच चोथा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो, तेव्हा पाण्याची अटही वरवर घेऊ नये.

प्रथिनांचंही तसंच. कमी खाणाऱ्याच्या ताटात प्रथिनं पुरेशी असली की भूक आटोक्यात राहते आणि थोडी वजनं उचलली तर स्नायू टिकतात. बहुसंख्य शाकाहारी घरांत सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री वरण-भात असा बेत असतो, त्यात प्रथिनं खरोखर कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज, असं प्रमाण ठरवलं आहे. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला पन्नास ग्रॅम. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर फुटाण्यांत सहा-सात, मोड आलेल्या मटकीच्या उसळीत वाटीमागे तेवढेच. वेसाव्याच्या कोळीवाड्यात काठ्यांवर वाळत घातलेल्या सुक्या बोंबलात तर शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एवढं करूनही कुणाचं गणित जुळत नसेल, तर व्हेचा एक स्कूप ही सोय आहे. दुधातल्या प्रथिनाची भुकटी, यापलीकडे तिच्यात जादू नाही. मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, १४ टक्क्यांत बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. दूध, डाळ, अंडं आधी आणि डबा नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

दुसऱ्या वाटेवर मराठी माणसाच्या ओळखीचं एक फळ भेटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. त्याच कुळातलं, केरळात माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ गार्सिनिया कंबोजिया या नावाने जगभर गोळ्यांत भरून विकलं गेलं. पिष्टाची चरबी बनवणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं, आणि उंदरांवर परिणामही झाला होता. मग १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जादा वजनाच्या लोकांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. सगळ्यांना कमी कॅलरींचा, भरपूर चोथ्याचा आहार दिला. निम्म्यांना या आम्लाच्या गोळ्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचं ४.१ किलोंनी. दोहोंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. काम आहाराने केलं होतं. आमच्या मुख्य प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर देणारा प्रयोग क्वचितच सापडेल. सोलकढी आनंदाने प्यावी. कोकमाच्या अर्काच्या गोळीसाठी पैसे मोजू नयेत.

खाल्लेली चरबी शोषू न देणारं ऑर्लिस्टॅट हे रसायन मात्र खरोखर काम करतं. ते आतड्यातल्या लायपेज या विकराला रोखतं, त्यामुळे जेवणातली जवळपास तीस टक्के चरबी न पचता बाहेर पडते. वर्षभर आहाराबरोबर घेतलं तर नुसत्या आहारापेक्षा तीनेक किलो अधिक उतरतात. पण ते औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं. तेलकट जुलाब आणि अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांची तूट हे त्याचे परिणाम सांभाळावे लागतात. औषध म्हणून तपासलेल्या वस्तूचा लाभ वर्षाला तीन किलो असेल, तर न तपासलेल्या ‘फॅट ब्लॉकर’कडून महिन्याला दहा किलोंची आशा धरायची कशाच्या बळावर?

तिसरी वाट खर्च वाढवण्याची. फॅट बर्नर म्हणून विकले जाणारे बहुतेक डबे इथले. त्यांत मुख्य माल असतो कॅफीन आणि हिरव्या चहाचा अर्क. कॅफीनमुळे खर्च किंचित वाढतो, व्यायामाला हुरूप येतो. पण रक्तदाब वाढणं, छाती धडधडणं आणि झोप उडणं हेही मागोमाग येतं, आणि झोप उडाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. हिरव्या चहावरच्या चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१२च्या कोक्रेन आढावा-लेखात वजनातली घट नगण्य ठरली. चहा म्हणून उकळून पिण्यात धोका नाही. पण त्यातलं मुख्य द्रव्य अर्काच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतलं तर यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. क्रोमियमच्या गोळ्यांवरच्या नऊ चाचण्यांत मिळून ६२२ माणसं होती; फरक किलोभराचा, आणि तोही भरवशाचा नाही, असा निर्वाळा २०१३ मध्ये मिळाला.

आपल्या परंपरेतलं काय, असं अनेक जण विचारतात. चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही टोकांचा विचार आला आहे. तिथे द्रव्यं सांगितली आहेत, पण त्यांच्याबरोबर व्यायाम, जागरण आणि चिंतन हळूहळू वाढवायलाही सांगितलं आहे. म्हणजे चरकालाही गोळी एकटी पुरेशी वाटली नव्हती. गुग्गुळाची कथा बोधप्रद आहे. मेदोरोगाचं सुश्रुताने केलेलं वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर संशोधन केलं. त्यांचा प्रबंध १९६६चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा प्रमाणित अर्क तयार केला आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध म्हणून तो बाजारात आला. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी थोडं वाढलं. यावरून आयुर्वेद खोटा ठरत नाही. वैद्याने प्रकृती पाहून द्यायचं द्रव्य आणि दुकानातून कुणीही उचलून सगळ्यांनी घ्यायची गोळी, यांत मोठं अंतर आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मात्र मनातून काढून टाकायला हवं.

आता या विषयाची काळी बाजू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल, म्हणजे डीएनपी, हाताळणाऱ्या कामगारांना ताप चढत असे आणि त्यांचं वजन घटत असे. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन उतरवण्यासाठी ते माणसांना देऊन पाहिलं. वजन खरंच उतरलं. पेशींमध्ये तयार होणारी ऊर्जा उपयोगी न पडता उष्णता बनून जाते, हे त्यामागचं कारण. थोड्याच वर्षांत मोतीबिंदू आणि मृत्यू समोर आले आणि १९३८ मध्ये तिथे ते माणसाने घेण्यास अयोग्य ठरवलं गेलं. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ मध्ये मुलुंडला लागून असलेल्या ठाण्यात वजन उतरवण्यासाठी डीएनपी घेतल्यानंतर एका तरुणीचा मृत्यू झाला. या विषावर उतारा नाही. ही पुस्तिका लिहिण्यामागे त्या बातमीचा मोठा वाटा आहे, आणि उपनगरातल्या प्रत्येक जिमच्या भिंतीवर डीएनपीचं नाव इशारा म्हणून लागायला हवं, असं मनापासून वाटतं.

डीएनपी उघड विष आहे. लपलेली औषधं त्याहून फसवी. सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं असं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. बंदीनंतर ते संपलं का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात ७७६ सप्लिमेंटांत न सांगितलेली औषधं सापडली. त्यांतली ३१७ वजन उतरवण्याची होती आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामीन होतं. डब्यांवर वनस्पतींची चित्रं होती. सुरुवातीला केलेलं तिसरं विधान याच आकड्यांवर उभं आहे.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण त्याची भाषा ग्राहकाला ठाऊक नसते. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६चा. त्याखाली हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र नियम आले. सप्लिमेंट कायद्याने अन्न आहे. म्हणून विक्रीला येण्याआधी त्याने वजन उतरतं हे औषधासारख्या चाचण्या करून सिद्ध करावं लागत नाही. डब्यावरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक एवढंच सांगतो की कुणी तरी परवाना घेतला आहे. माल गुणकारी असल्याची ती ग्वाही नव्हे. वस्तू औषधी वापरासाठी नाही, ही सूचना छापणं मात्र सक्तीचं आहे. त्याखेरीज औषधं व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला त्याने मनाई केली, त्यांच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. चरबी वितळवण्याची हमी देणारं पोस्टर दिसलं किंवा संशयास्पद डबा हाती आला, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तिथे तक्रार करता येते. बिल आणि डबा जपून ठेवला तर तक्रारीला धार येते.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं वजन उतरवण्यासाठी भारतात आली आणि चर्चेचा सूर बदलला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं; नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचं २.४ टक्के. हा फरक खरा आहे आणि ज्यांना लठ्ठपणाने मधुमेह, गुडघेदुखी, घोरण्यात श्वास अडकणं असे विकार जडले आहेत, त्यांनी डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोलावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचंही दिसलं. शिवाय ही सप्लिमेंटं नव्हेत. त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन निघालेल्या गोळ्या आणि थेंबांनी फसू नये.

मग खरं पूरक कोणतं? तपासणीत जे कमी आढळलं, ते. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. अंधेरी स्टेशनचा पूल चढताना जिला धाप लागते, ती रोज पाऊण तास कशी चालणार? तिच्यासाठी वजन उतरवण्याच्या कामातलं पहिलं सप्लिमेंट म्हणजे सरकारी दवाखान्यात मिळणारी लोहाची स्वस्त गोळी. बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावं. थायरॉइड तपासून घ्यावं. या गोळ्या चरबी जाळत नाहीत. माणसाला चालण्या-फिरण्याजोगं करतात, आणि पुढचं काम चालणं करतं.

चालण्याची ताकद किती, हे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने दाखवलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ भारतीय होते. नुसता सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम पाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ४०.५ आणि दोन्ही करणाऱ्यांत ३९.५ टक्के राहिलं. आहार-व्यायामाच्या जोडीला गोळी दिल्याने वेगळा लाभ झाला नाही. विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं घटलं नव्हतं, तरीही फायदा झाला. काटा हलत नाही म्हणून हिरमुसून डब्याकडे वळणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

उपनगरांजवळ यासाठी लागणारं बरंच काही आहे. बोरिवली ते मुलुंड पसरलेलं शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल महानगराच्या पोटात असणं ही दुर्मीळ गोष्ट. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली ती वर्सोव्यात; आज ती सांताक्रूझला आहे. आहाराची चर्चाही मराठीत जितकी रंगते तितकी क्वचितच कुठे रंगत असेल. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळाच जेवण्याचा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा आग्रह घरोघरी पोचवला. मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनी वरण-भात-तुपाची भीती घालवली आणि आपल्या मातीतलं, ऋतूनुसार खायला सांगितलं. किती वेळा खावं यावर या दोघांच्या मतांत अंतर आहे, आणि वाचकाने आपल्या प्रकृतीला मानवेल ते निवडावं. पण दोन्ही विचारांच्या मध्यभागी घरचं जेवण आहे, हे विसरू नये.

पुस्तिकेची रचना या क्रमानेच केली आहे. आधी मोजमाप: वजन, कंबर, रक्ताच्या तपासण्या. मग लोकलच्या वेळा सांभाळणाऱ्या घराचं ताट. मग चालणं आणि थोडी वजनं उचलणं. सप्लिमेंटं चौथ्या प्रकरणात येतात, कारण आयुष्यातही त्यांची जागा तीच आहे. त्यानंतर डब्यावरचा मजकूर कसा वाचावा ते, आणि शेवटी औषधं व शस्त्रक्रिया कुणासाठी ते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही सप्लिमेंट घेऊ नये.

वाचकांना एक विनंती आहे. तीन महिने घरचं मोजकं जेवण, रोज पाऊण तास चालणं आणि पुरेशी झोप एवढंच करून पाहा. सुरुवातीला आणि शेवटी कंबर मोजून लिहून ठेवा. त्यानंतरही डबा घ्यावासा वाटला तर आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्या. आणि घरातल्या कुणा मुलीला किंवा मुलाला ‘जाडी’, ‘जाड्या’ म्हणत असाल, तर ते आजपासून बंद करा. असे टोमणे ऐकलेली मुलंच फसव्या डब्यांच्या जाळ्यात सहज सापडतात.